शेवटची तीन अक्षरे आणि घरात शिरणारा पोस्टमन

गेल्या अंकात याच सदरात पेरॉक्सिझोम या पेशीतील सूक्ष्म कोठीविषयी लिहिताना ‘प्रत्येक प्रथिनावर त्याच्या मुक्कामाचा पत्ता लिहिलेला असतो’ असे एक वाक्य टाकून मी पुढे गेलो होतो. नागपूरच्या वाचकांनी मला तसे पुढे जाऊ दिले नाही. आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. मजकूर जागेअभावी आटोपता घेतला आहे, प्रश्न मात्र जसेच्या तसे आहेत.

प्रश्न : मी हिंगणा रस्त्यावरील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेरॉक्सिझोममध्ये डीएनए नसतो आणि रायबोसोमही नसतात, असे आम्हाला शिकवले आहे. म्हणजे आतली सगळी प्रथिने बाहेरूनच येत असणार. मग पेशीद्रवात हजारो प्रकारची प्रथिने एकत्र वावरत असताना त्यांतले पेरॉक्सिझोमचे कोणते, हे कोण ओळखते आणि कशावरून?

उत्तर : तुमचे अनुमान बरोबर आहे. तंतुकणिकेजवळ, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाजवळ, निदान स्वतःची काही जनुके तरी उरली आहेत. पेरॉक्सिझोमजवळ तेवढीही नाहीत. मानवी पेशीतील या कोठीत पन्नासहून अधिक विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, एन्झाइम) काम करतात आणि त्यांतील प्रत्येक विकर केंद्रकातील जनुकाच्या आराखड्यावरून, पेशीद्रवातील मोकळ्या रायबोसोमवर, पूर्ण तयार होऊन मगच आत जाते. आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतील पटलांच्या जाळ्यात, जाणारे प्रथिन बहुधा तयार होता होताच पटलातून पलीकडे सरकवले जाते, तसे येथे घडत नाही. म्हणून पत्ता अशा ठिकाणी हवा, की प्रथिनाची घडी पडून गेल्यावरही तो वाचता यावा. आणि बहुतेक प्रथिनांच्या बाबतीत ते ठिकाण म्हणजे प्रथिन ज्या अमिनो आम्लांच्या साखळीने बनते, तिचे अगदी शेवटचे टोक.

आपल्या पिनकोडकडे पाहा. धरमपेठेचा ४४००१० आणि सीताबर्डीचा ४४००१२. पहिले तीन अंक दोन्हींकडे सारखेच, टपाल नेमके कोणत्या कार्यालयात जायचे ते शेवटचे तीन अंक सांगतात. पेरॉक्सिझोमच्या बहुसंख्य प्रथिनांमध्येही शेवटची तीन अमिनो आम्लेच निर्णायक असतात : सेरीन, लायसीन, ल्युसीन, याच क्रमाने. ही गोष्ट कशी कळली, तो किस्सा सांगण्यासारखा आहे, कारण तो काजव्यापासून सुरू होतो. काजव्याच्या पोटातला प्रकाश ल्युसिफरेज नावाच्या विकरामुळे निर्माण होतो आणि ते विकर काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या पेशींत पेरॉक्सिझोममध्ये असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत, मूळचे भारतीय असलेल्या सुरेश सुब्रमणी यांच्या प्रयोगशाळेत, या विकराचे जनुक माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत घालण्यात आले. माकडाच्या पेशीचा काजव्याशी काय संबंध? तरीही १९८७ साली असे दिसले, की त्या पेशींनी ते परके विकर बिनचूक आपल्या पेरॉक्सिझोममध्ये नेऊन ठेवले होते. म्हणजे कीटक आणि सस्तन प्राणी यांच्या पेशी पत्त्याची एकच लिपी वाचत होत्या. मग संशोधकांनी विकराचे तुकडे पाडून पत्ता शोधायला सुरुवात केली. शेवटचे टोक कापले की विकर पेशीद्रवातच राहते आणि तेच टोक एखाद्या असंबद्ध जिवाणू-प्रथिनाला जोडले की ते प्रथिन पेरॉक्सिझोममध्ये जाते, असे करत करत हा पत्ता तीन अमिनो आम्लांपर्यंत येऊन थांबला. १९८९ साली हा निष्कर्ष पक्का झाला. आज प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ल्युसिफरेजच्या सुधारित जनुकातून ती तीन आम्ले मुद्दाम वगळलेली असतात, कारण तेथे विकर पेशीद्रवातच राहायला हवे असते.

या पत्त्यात थोडे अशुद्धलेखन खपते. सेरीनच्या जागी ॲलॅनीन किंवा सिस्टीन, लायसीनच्या जागी आर्जिनीन, ल्युसीनच्या जागी मेथिओनीन आले तरी टपाल बहुधा पोहोचते, मात्र लगतची आम्ले अनुकूल असावी लागतात.

वाचणारा कोण, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. त्याचे नाव पेक्स-५. पेशीद्रवात फिरणारे हे ग्राही प्रथिन आहे. त्याच्या एका अर्ध्या भागात चौतीस-चौतीस अमिनो आम्लांची सात वळणे एकापुढे एक येऊन मधोमध एक खोबण तयार होते आणि पाहुण्या प्रथिनाचे शेपूट त्या खोबणीत शिरून घट्ट बसते. खोबणीच्या तळाशी साखळीचे मोकळे टोकच लागते. सेरीन-लायसीन-ल्युसीननंतर आणखी काही जोडले, तर पत्ता तोच असूनही वाचता येत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने या चुकीची किंमत तीन आठवड्यांनी मोजली होती. तिने पेरॉक्सिझोमच्या एका विकराला हिरवे चमकणारे प्रथिन जोडले, पण जोडले ते शेवटच्या टोकाला. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या राईच्या दाण्यांसारखे ठिपके दिसायला हवे होते. दिसली ती एकजात फिकट हिरवी पेशी, मधोमध केंद्रकाची तेवढी पुसट सावली. तेच चमकणारे प्रथिन तिने पुढच्या टोकाला जोडले, तेव्हा दुसऱ्याच खेपेला ठिपके उमटले. ती आनंदाने ओरडली तेव्हा शेजारच्या खोलीतले लोक काही फुटले की काय, म्हणून धावत आले होते.

पत्त्याचा आणखी एक प्रकार आहे. तो साखळीच्या सुरुवातीजवळ असतो, नऊ आम्लांच्या पट्ट्यात पसरलेला असतो आणि पेक्स-७ हे वेगळे ग्राही प्रथिन तो वाचते. माणसात अशी प्रथिने मोजकीच आहेत आणि पेक्स-७ला आत जायला शेवटी पेक्स-५चाच हात धरावा लागतो. प्रयोगशाळेतील सुप्रसिद्ध सूत्रकृमीने तर ही दुसरी व्यवस्थाच सोडून दिली आहे आणि त्याचे काही अडत नाही. परीक्षेसाठी दोन्ही प्रकार लक्षात ठेवा, पण समजून घ्यायचा तो पहिला.

प्रश्न : टपाल खात्यातून निवृत्त होऊन मला नऊ वर्षे झाली, त्यामुळे आपली पत्त्याची उपमा मला आवडली. पण माझी नात मेडिकलला आहे. ती म्हणते, की पटलातून जाताना प्रथिनाची घडी उलगडते आणि ते सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तसे जाते. पार्सल उसवून, त्याची दोरी करून दारातून आत सारायचे आणि आत पुन्हा बांधायचे, ही कसली बटवड्याची पद्धत? (प्रतापनगर)

उत्तर : आपल्या नातीचे म्हणणे तंतुकणिकेच्या आणि आंतर्द्रव्यजालिकेच्या बाबतीत बरोबर आहे. पेरॉक्सिझोमच्या बाबतीत मात्र आपली टपालखात्याची दृष्टी अधिक बरोबर ठरते : येथे पार्सल न उसवता जाते. घडी पडलेले, इतकेच नव्हे तर दोन-चार साखळ्या एकत्र येऊन बनलेले प्रथिनही सबंध आत जाते. एका साखळीवर पत्ता असेल, तर पत्ता नसलेली तिची जोडीदार साखळी तिला बिलगून बिनतिकीट प्रवास करते, हे १९९४ साली यीस्टमध्ये दिसून आले. त्याच्या पुढच्याच वर्षी सुब्रमणी यांच्या गटाने एक टोकाचा प्रयोग केला. सोन्याच्या सूक्ष्म कणांवर सेरीन-लायसीन-ल्युसीनचे टोक असलेली प्रथिने चिकटवून त्यांनी ते कण पेशींत टोचले. सोने उलगडता येत नाही. तरीही ९ नॅनोमीटर व्यासापर्यंतचे कण पेरॉक्सिझोमच्या आत सापडले.

एवढे मोठे पार्सल जाईल असे दार भिंतीत कायम उघडे असते, तर आतले सगळेच बाहेर गळून गेले असते. तेव्हा दार कसले आहे, हा प्रश्न दोन-अडीच दशके लोंबकळत राहिला. कोठीच्या पटलावर पेक्स-१३ आणि पेक्स-१४ ही दोन प्रथिने पेक्स-५चे स्वागत करतात, एवढे ठाऊक होते. २०२२ साली हार्वर्डमधील टॉम रॅपोपोर्ट यांच्या गटाने दाखवले, की पेक्स-१३च्या साखळीतील टायरोसीन आणि ग्लायसीन यांनी भरलेला लवचीक भाग आपल्यासारख्या इतर साखळ्यांशी गुंतून पटलात एक दाट, जेलीसारखे जाळे तयार करतो. सामान्य प्रथिनाला हे जाळे अडवते. पेक्स-५च्या अंगावर मात्र जाळ्याच्या धाग्यांशी क्षणभर चिकटून लगेच सुटणाऱ्या जागा आहेत, त्यामुळे ते पाठीवरच्या ओझ्यासकट जाळ्यात विरघळल्यासारखे शिरते आणि पलीकडे निघते. केंद्रकाच्या छिद्रांतही अशीच जाळीची युक्ती आहे. दुकानाच्या दाराला लावलेली प्लास्टिकच्या पट्ट्यांची झालर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल. फरक इतकाच, की या पट्ट्या ओळखीच्या माणसालाच वाट देतात.

आता आपली आणि माझी उपमा जेथे मोडते, ती जागा. आपला पोस्टमन फाटकाशी हाक मारतो, पत्र देतो आणि सायकलला पाय लावतो. पेक्स-५ हा पोस्टमन पार्सलासह घरात शिरतो आणि स्वतःच्या बळावर त्याला बाहेर पडता येत नाही. आत जायला एटीपीची, म्हणजे पेशीच्या रोख ऊर्जेची, गरज लागत नाही. सगळी ऊर्जा लागते ती त्याला बाहेर ओढून काढायला. पाठ्यपुस्तके या विषयाचे नाव ‘प्रथिनांची आयात’ असे ठेवतात, माझ्या मते ते नाव अर्धी गोष्ट झाकते. पेशीचा खरा खर्च माल आत आणण्यावर होत नाही, हमालाला परत आणण्यावर होतो.

ही ओढाताण जवळून पाहण्यासारखी आहे. पेक्स-५ने आत माल पोहोचवला, की त्याच्या साखळीचे पुढचे टोक पटलातील दुसऱ्या एका छिद्रातून बाहेर डोकावते. हे छिद्र पेक्स-२, पेक्स-१० आणि पेक्स-१२ या तिघांनी मिळून बनवलेले असते. त्या टोकात, माणसाच्या बाबतीत अकराव्या क्रमांकावर, एक सिस्टीन आहे आणि हीच त्रयी त्या सिस्टीनवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाचा एकच मणी अडकवते. एरवी पेशीत युबिक्विटिनची माळ गळ्यात पडणे म्हणजे प्रथिनाच्या मृत्यूचा हुकूम असतो. येथे एकाच मण्याचे काम कडीचे आहे. ती कडी धरतो पेक्स-१ आणि पेक्स-६ यांच्या सहा साखळ्यांनी बनलेला कड्यासारखा यंत्रपुंज, जो माणसात पेक्स-२६ने पटलाला बांधून ठेवलेला असतो. हा पुंज एटीपी जाळत पेक्स-५ला आपल्या मधल्या भोकातून खेचतो. खेचताना पेक्स-५ची घडी उलगडते, आणि उरलासुरला माल त्याच वेळी सुटून आत राहतो असे अलीकडच्या प्रयोगांवरून दिसते. म्हणजे आपल्या नातीची सुई आणि दोरा येथे आहेत खरे, पण त्या नेढ्यातून जातो तो पार्सल आणणारा. बाहेर आल्यावर मणी काढला जातो, घडी पुन्हा बसते आणि पोस्टमन पुढच्या फेरीला निघतो. ओढणारे यंत्रच मोडले, तर पेक्स-५ पटलावर साचत जाते, मग त्याच्या गळ्यात खरोखरची माळ पडते आणि पेशी त्याचे तुकडे करते.

हे यंत्र बिघडल्याची किंमत तान्ही मुले मोजतात. झेलवेगर आजाराच्या गटातील मुलांमध्ये सर्वाधिक वेळा दोष सापडतो तो पेक्स-१च्या जनुकात, म्हणजे पत्ता वाचणाऱ्यात नव्हे आणि दारातही नव्हे, तर परत ओढणाऱ्यात. या मुलांच्या स्नायूंत जोर नसतो, यकृत आणि मेंदू यांची वाढ बिघडते आणि तीव्र प्रकारात मूल बहुधा पहिला वाढदिवस पाहत नाही. १९७३ साली अशा मुलांच्या यकृतात पेरॉक्सिझोमच नाहीत, असे सूक्ष्मदर्शकाने दाखवले होते. पंधरा वर्षांनी कळले, की कोठ्या आहेत, पण रिकाम्या. त्यांना ‘भुते’ असे नाव पडले. भिंतीतली प्रथिने पेक्स-१९ या वेगळ्या वाहकाने येतात, त्यामुळे भिंत उभी राहते आणि आत माल मात्र पोहोचत नाही.

प्रश्न : हायड्रोजन पेरॉक्साइड हे जंतुनाशक म्हणून जखमेवर लावतात. असले जहाल द्रव्य तयार करणारी कोठी पेशीने मुळात ठेवावीच कशाला? आणि यातले काही घरी पाहता येते का? (धरमपेठ)

उत्तर : पेशीला काही मेदाम्ले अशी मिळतात, की ती तंतुकणिकेत थेट जाळता येत नाहीत, कारण त्यांची साखळी बावीस किंवा त्याहून अधिक कार्बनची असते. आपण ज्याला फल्लीतेल म्हणतो त्यातही ती थोडी असतात आणि शरीर स्वतःही ती बनवते. पेरॉक्सिझोम ती आखूड करून देतो आणि त्या कामाच्या पहिल्याच पायरीला हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. म्हणून ते मोडणारे कॅटॅलेज हे विकरही त्याच कोठीत ठेवलेले असते. पेरॉक्साइड बनवणारे आणि मोडणारे असे एकाच छताखाली नांदतात हे पाहूनच बेल्जियमचे क्रिस्टियाँ द दुव्ह यांनी या कोठीचे नाव ठेवले. गंमत अशी, की कॅटॅलेजवरचा पत्ता काहीसा गिचमिड आहे. त्याच्या शेवटी लायसीन, ॲलॅनीन, अस्पॅराजीन, ल्युसीन अशी चौकडी येते आणि पेक्स-५ तिला सैलच पकडते.

घरी पाहायचे तर औषधाच्या दुकानातून पेरॉक्साइडचे पातळ द्रावण आणा आणि आलूच्या ताज्या कापावर त्याचे चार थेंब टाका. कापताना फुटलेल्या पेशींतून सुटलेले कॅटॅलेज लगेच कामाला लागते आणि साबणाच्या फेसासारखे बारीक पांढरे बुडबुडे वर येतात. तो ऑक्सिजन. उकडलेल्या आलूवर तेच थेंब नुसते पडून राहतात. डोळे जपा, आणि तो आलू भाजीत घालू नका.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या भाच्याला दोन वर्षांत तीनदा मूतखडा झाला. आमच्याकडे उन्हाळ्यात खड्यांचा त्रास नवा नाही, म्हणून आम्ही पाणी कमी पडले असेल असेच समजत होतो. आता डॉक्टरांनी प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया असे निदान केले आणि ‘यकृतातले एक प्रथिन चुकीच्या जागी जात असावे’ असे सांगितले. प्रथिनाच्या चुकीच्या पत्त्याने मूतखडा होतो? (महाल)

उत्तर : होतो, आणि या विषयात पत्ता चुकल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात घामावाटे पाणी जाऊन होणारे खडे आणि हा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा आजार दुर्मीळ आहे. लहान वयात पुन्हा पुन्हा खडे झाल्याबरोबर डॉक्टरांनी या दिशेने पाहिले, हे फार चांगले केले.

यकृताच्या पेरॉक्सिझोममध्ये ग्लायॉक्झिलेट नावाचे एक लहान द्रव्य तयार होते. एजीटी हे विकर त्याचे निरुपद्रवी ग्लायसीन करते. ते विकर जागेवर नसेल, तर ग्लायॉक्झिलेटचे ऑक्झलेट होते आणि मूत्रपिंडात कॅल्शियमशी मिळून त्याचे खडे बनतात. माणसाच्या एजीटीच्या शेवटी लायसीन, लायसीन, ल्युसीन असा पेरॉक्सिझोमचा पत्ता आहे. पुष्कळ निरोगी माणसांतही त्याच्या अकराव्या जागी प्रोलीनऐवजी ल्युसीन असते आणि त्यामुळे साखळीच्या सुरुवातीला तंतुकणिकेचा एक कच्चा पत्ता उमटतो. म्हणजे एका पाकिटावर दोन पत्ते. तरी सहसा बिघडत नाही, आणि का बिघडत नाही ते वर प्रतापनगरच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात आहे. तंतुकणिकेला उलगडलेली साखळी लागते. एजीटी झटपट घडी घालून जोडीने बसते, मग तंतुकणिकेचे दार त्याला बंद होते आणि घडीसकट घेणाऱ्या पेरॉक्सिझोमचे उघडे राहते. काही कुटुंबांत मात्र अकराव्या जागेच्या या बदलाबरोबर १७०व्या जागीही ग्लायसीनऐवजी आर्जिनीन येते. त्याने घडी पडायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात तंतुकणिका साखळी ओढून घेते आणि बहुतेक विकर तेथे जाऊन बसते. तेथे ते कामही करते, फक्त जेथे ग्लायॉक्झिलेट आहे तेथे ते नसते. ब्रिटिश संशोधक ख्रिस्तोफर डॅन्प्युअर यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस हा उलगडा केला.

जाता जाता एक सांगतो. सशाच्या यकृतात एजीटी पेरॉक्सिझोममध्ये असते, तर मांजराच्या यकृतात मुख्यतः तंतुकणिकेत. पाल्यातून येणारे ग्लायॉक्झिलेट एका कोठीत तयार होते, मांसातून येणारे दुसऱ्या, म्हणून ज्याचा जसा आहार तसा विकराचा मुक्काम. भाच्याच्या यकृतात मांजराची व्यवस्था आणि पोळी-भाजीचा आहार, असा काहीसा मेळ बसला असेल.

हा बिघाड याच प्रकारचा आहे का, हे जनुक-तपासणीच्या अहवालावरूनच कळेल, कारण या आजारात विकर नीट तयारच न होण्याचे प्रकारही आहेत. अहवाल आला, की त्यात १७०व्या जागेचा बदल आहे का, एवढे डॉक्टरांना अवश्य विचारा. तो असेल, तर बी-६ जीवनसत्त्वाने अनेक रुग्णांतील ऑक्झलेट बरेच खाली येते, कारण एजीटी काम करताना हेच जीवनसत्त्व हाताशी धरते आणि त्याच्या आधाराने त्याची घडीही सावरते. मात्रा डॉक्टरच ठरवतील. दुकानातून गोळ्या आणून सुरू करू नका. भाच्याला सख्खी भावंडे असतील, तर त्यांना अजून खडा झालेला नसला तरी त्यांचीही तपासणी करून घ्या, कारण आईवडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असताना प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.